आधी तुकडा तपासा, होडीचं मग बघू

पत्र असं आहे:

'काकू, आम्ही हर्णै बंदराजवळ राहतो. माझे सासरे ७१ वर्षांचे, सगळा जन्म समुद्रावर गेला. त्यांच्या नाकाच्या उजव्या बाजूला मसुराएवढा काळा, चकचकीत दाणा आहे. दीड वर्ष झालं असेल. दुखत नाही, पण दाढी करताना, तोंड पुसताना रक्त येतं. खपली धरते, ती पडली की परत ओलं. तालुक्याच्या एका स्किन क्लिनिकमध्ये दाखवलं तर "लेझरने जाळून टाकू, पंधरा हजार होतील, तपासायची काही गरज नाही" म्हणाले. दुसरे डॉक्टर म्हणाले, बायोप्सी करा, कॅन्सर असू शकतो. तो शब्द ऐकल्यापासून आबा नीट जेवत नाहीत. दीर नालासोपाऱ्याला असतात, ते म्हणतात सरळ टाटाला आणा. शेजारच्या आजी म्हणतात, बिब्बा घाला, चाकू लागला की कॅन्सर पसरतो. आणि यांनी होडीतला आपला अर्धा वाटा विकायचं काढलंय. रेशनकार्ड केशरी आहे. मी कुणाचं ऐकू?'

अगं, दुसऱ्या डॉक्टरांचं ऐक. ते पहिल्यांदा खरं बोलले आणि भीती वाटली म्हणून तुम्ही त्यांना मागे टाकलंत, असं मला पत्र वाचून वाटलं. बाकीचे चौघं, म्हणजे क्लिनिकवाले, दीर, आजी आणि तुझे यजमान, चार वेगवेगळ्या घाईत आहेत. दिरांचं चुकलेलं नाही, टाटाची वेळ कदाचित येईलही, पण ती आज आलेली नाही. होडीचा वाटा विकायची वेळ तर बहुधा येणारच नाही, आणि ते का, हे मी पुढे सांगते.

मी कोकणातल्या रुग्णालयांत तीस वर्षं समाजसेवा विभागात काम केलं. मी डॉक्टर नाही, त्यामुळे आबांना काय झालंय हे सांगणार नाही. पण दीड वर्ष न बरा होणारा, रक्त येणारा, चकचकीत दाणा असला की तुकडा काढून तपासायचा, हे मी इतक्या डॉक्टरांच्या तोंडून ऐकलंय की त्यात मला शंका उरलेली नाही. चेहऱ्यावरचा त्वचेचा कॅन्सर बहुतेक वेळा 'बेसल सेल' नावाचा असतो. गोऱ्या देशांतल्या चित्रांत तो गुलाबी दिसतो. आपल्या रंगाच्या माणसांत तो पुष्कळदा काळा, मोत्यासारखा चमकणारा असतो, म्हणून लोक त्याला तीळ किंवा चामखीळ समजून वर्षानुवर्षं सोडून देतात. तो हळू वाढतो, दुसऱ्या अवयवात क्वचितच जातो, पण जागच्या जागी पोखरत राहतो. नाकाच्या कातडीखाली लगेच कूर्चा, म्हणजे मऊ हाड, असते, म्हणून तिथे उशीर परवडत नाही. वेळेवर आणि पूर्ण काढला तर बहुतेकांचं काम तिथेच संपतं. आबांना हे नक्की सांग. 'कॅन्सर' हा एकच शब्द असला तरी त्याखाली फार वेगवेगळे आजार येतात, आणि हा झालाच असला तर त्यातला सौम्य निघायची शक्यता बरीच आहे. दुसरा एक प्रकार 'स्क्वॅमस सेल', तो गाठींत पसरू शकतो. तिसरा 'मेलॅनोमा', तो आपल्याकडे कमी पण सगळ्यात वाईट. तिघांचा इलाज वेगळा, खर्च वेगळा, जायचं ठिकाणही वेगळं. वरून बघून यातला कुठला, किंवा यातला एकही नाही, हे खात्रीनं कुणालाच सांगता येत नाही.

म्हणूनच त्या लेझरवर माझा राग आहे. लेझर हे वाईट यंत्र नाही. पण जाळलं की तपासायला काही उरत नाही. वरची कातडी भरून येते, सगळ्यांना बरं वाटतं, आणि मुळाशी राहिलेलं खाली वाढत राहतं. मग दोन वर्षांनी तो दाणा परत डोकं काढतो तेव्हा मसुराएवढं ऑपरेशन सुपारीएवढं झालेलं असतं.

माझ्या मामाच्या बाबतीत हेच झालं. देवगड तालुक्यात राहायचा, आंब्याच्या बागेत अनवाणी फिरायचा. तळपायाला काळा डाग होता, घरात सगळे त्याला कुरूप म्हणायचे. एका दवाखान्यात तो खरवडून काढला आणि काढलेला भाग फेकून दिला. कुठे पाठवला नाही, पाठवायला हवा होता हे आम्हालाही ठाऊक नव्हतं. वर्षाच्या आत जांघेत गाठ आली. तो मेलॅनोमा होता हे तेव्हा कळलं, आणि पुढे मामा फार दिवस राहिला नाही. त्या दवाखान्याचं नाव घेऊन आता काही साधणार नाही. पण तेव्हापासून कुणी 'तपासायची गरज नाही' म्हटलं की मी त्या माणसाशी भांडते.

बिब्ब्याबद्दल आजींना दुखवू नकोस, त्या मायेनंच सांगतात. पण बिब्बा उतला की कातडीचं काय होतं हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. नाकावर, डोळ्याच्या इतक्या जवळ तो घालायचाच नाही. चुना आणि पापडखारही नाही. आणि चाकू लागला की पसरतो हा समज खरा नाही. मला वाटतं तो असा तयार झाला असेल: पूर्वी लोक फार उशिरा यायचे, ऑपरेशन व्हायचं तेव्हा आजार आधीच पसरलेला असायचा, आणि दोष चाकूच्या माथी जायचा.

बायोप्सी म्हणजे काय हे आबांना आधी नीट समजावून दे, कारण मला वाटतं ते त्या शब्दालाच घाबरलेत. जागा बधिर करायचं इंजेक्शन देतात, तेवढीच टोचणी. मग पेनच्या नळीसारख्या छोट्या गोल पात्यानं तीन-चार मिलीमीटरचा तुकडा काढतात, लागला तर एखादा टाका घालतात. पाच-दहा मिनिटांचं काम. त्याच दिवशी घरी. रिपोर्ट यायला साधारण आठवडा लागतो. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, स्वतःच्या मनानं बंद करू नका.

करायची कुठे? दापोलीला उपजिल्हा रुग्णालय आहे. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार निःशुल्क आहेत, केसपेपरचेही पैसे नाहीत. सर्जन किंवा त्वचेचे डॉक्टर कुठल्या वारी असतात आणि तुकडा तपासायला पाठवायची सोय आहे का, हे आधी विचारून जा, म्हणजे आबांची खेप फुकट जाणार नाही. तिथे वेळ लागणार असेल तर ज्या दुसऱ्या डॉक्टरांनी खरं सांगितलं त्यांच्याकडेच करा. खासगीत काही हजारांत हे काम होतं. लेझरचे पंधरा हजार वाचवून त्यातले थोडे इथे घाला, हा खर्च मी मनापासून करायला सांगेन. डॉक्टर निवडताना पाटीवर त्वचारोगातली एम.डी. किंवा डी.व्ही.डी. ही पदवी आहे का बघ. 'स्किन' आणि 'ग्लो' लिहिलेल्या प्रत्येक पाटीमागे त्वचारोगाचा डॉक्टर असतोच असं नाही.

एक गोष्ट फार महत्त्वाची. रिपोर्टचा कागद तर घ्याच, पण लॅबकडे त्या तुकड्याच्या काचा, म्हणजे स्लाइड, आणि मेणात घातलेला ब्लॉक असतो. पुढे दुसरीकडे जायचं झालं तर ते मागून घ्या. टाटासारख्या ठिकाणी ते पुन्हा स्वतःच्या डोळ्यांनी बघतात. ब्लॉक नसला तर पुन्हा तुकडा काढायची पाळी येते. दिरांनी आबांना आत्ताच मुंबईला नेलं असतं तर पहिल्या दिवशी त्यांनाही हाच प्रश्न विचारला असता: बायोप्सी झाली आहे का?

आता पैशाचं. तुझ्या पत्रात रेशनकार्डाची ओळ सगळ्यात शेवटी आहे, खरं तर ती पहिली हवी होती. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना तू ऐकली असशील, जुने लोक अजून तिला 'जीवनदायी' म्हणतात. पूर्वी तिची मर्यादा दीड लाख होती. १ जुलै २०२४ पासून ती कुटुंबाला वर्षाला ५ लाख झाली आणि पिवळं, केशरी, पांढरं, कुठलंही रेशनकार्ड चालतं. म्हणजे तुम्ही त्यात बसता. शिवाय आबा सत्तरीच्या पुढचे. ७० वर्षांवरच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारतचं 'वय वंदना' कार्ड मिळतं, ही सोय २९ ऑक्टोबर २०२४ ला सुरू झाली. आधारकार्डावर वय बरोबर असलं की पुरतं. हेही कार्ड काढून ठेवा, कुठलं लावायचं ते रुग्णालयात ठरेल.

ही योजना दवाखान्याच्या कुठल्याही दारात चालत नाही. ती अंगीकृत, म्हणजे योजनेत सामील असलेल्या, रुग्णालयातच चालते, आणि तिथे 'आरोग्यमित्र' नावाचा माणूस बसलेला असतो. भरती व्हायच्या आधी त्याला भेटायचं. तो रेशनकार्ड आणि आधार बघून नोंद करतो, डॉक्टर कागद वर पाठवतात, मंजुरी येते, मग उपचार. कॅन्सरच्या मंजुरीसाठी त्या कागदांत बायोप्सीचा रिपोर्ट लागतोच. तुला मी इतकं त्या तुकड्यावर का अडवतेय हे आता कळलं असेल. तो रिपोर्ट नसेल तर डॉक्टर काय करायचं ते ठरवू शकत नाहीत आणि योजना पैसे देऊ शकत नाही. त्या क्लिनिकमध्ये दाणा जाळून आलात तर पंधरा हजार जातील आणि पाच लाखांच्या दारात दाखवायला हातात काही नसेल.

आधी पैसे भरून टाकू, नंतर योजनेतून परत घेऊ, असं होत नाही. माझ्या कामाच्या वर्षांत सर्वांत जास्त डोळ्यांत पाणी मी याच गोष्टीवरून पाहिलं. माणसं दागिने मोडून डिपॉझिट भरायची आणि चौथ्या दिवशी विचारायची, ताई, कार्ड चालतं का हो? योजनेतल्या रुग्णाकडे कुणी डिपॉझिट मागितलं तर १५५३८८ वर किंवा १८००२३३२२०० वर फोन करायचा. जवळची अंगीकृत रुग्णालयं कुठली, त्यात त्वचेच्या कॅन्सरचं ऑपरेशन कुठे होतं, हेही याच नंबरवर विचार.

रेशनकार्ड आज संध्याकाळीच काढून बघ. आबांचं नाव त्यात आहे ना? भाऊ वेगळे झाले, कार्ड फोडलं आणि म्हाताऱ्यांचं नाव कुणाच्याच कार्डात राहिलं नाही, असं आपल्याकडे घरोघरी झालंय. आधारावर आडनाव आहे आणि रेशनकार्डावर गावाचं नाव लावलंय, असंही होतं. तसं असेल तर रिपोर्टची वाट न बघता तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत अर्ज द्या. हे काम यजमानांना दे. होडी विकायला धावणाऱ्या माणसाच्या हातात काहीतरी उपयोगाचं काम हवं, नाहीतर काळजीनं तो काहीही करून बसेल.

रिपोर्टमध्ये बेसल सेल आला तर तुमचं बरंचसं काम जिल्ह्यातच होईल असं मला वाटतं. बधिर करून, भोवतालची चारेक मिलीमीटर निरोगी कातडी धरून दाणा काढतात. नाकावर जागा कमी म्हणून शेजारची कातडी सरकवून बसवावी लागते, त्यासाठी प्लास्टिक सर्जन असलेला बरा. सावर्ड्याजवळचं डेरवण तुम्हाला माहीत असेलच. तिथल्या वालावलकर रुग्णालयात कॅन्सर विभाग आहे आणि टाटा मेमोरियलबरोबर त्यांनी या भागात बरंच काम केलंय. आधी फोन करून तीन प्रश्न विचार: नाकावरचं असं ऑपरेशन तुमच्याकडे होतं का, फुले योजनेत होतं का, आणि पुढे शेक द्यायची वेळ आली तर तो इथेच मिळेल का. शेक म्हणजे रेडिएशन. वयामुळे किंवा जागेमुळे ऑपरेशन जमत नसेल तर तोही मार्ग असतो, फक्त तो रोज, काही आठवडे घ्यावा लागतो. ऑपरेशननंतर काढलेला सगळा भाग पुन्हा तपासायला जातो. त्या रिपोर्टमध्ये 'मार्जिन' हा शब्द शोधायचा. कडा मोकळ्या आहेत असं लिहिलेलं हवं. नसेल तर टाके निघाले म्हणून घरी निघून यायचं नाही, डॉक्टरांना पुढे काय ते विचारायचं.

मेलॅनोमा आला, किंवा मानेत गाठ लागली, किंवा डोळ्याच्या कोपऱ्यापर्यंत गेलंय असं म्हणाले, तर मात्र दिरांचं ऐक आणि परळची वाट धर. टाटा मेमोरियल १९४१ पासून आहे, तिथे जनरल विभागात दर फार कमी असतात, आणि योजनाही चालते. तिथल्या वैद्यकीय समाजसेवा विभागात पहिल्याच दिवशी जाऊन बसा. राहायची सोय, औषधांची मदत, ट्रस्टचे अर्ज, सगळं त्यांना माहीत असतं. मागायला लाजू नका, ती माणसं त्याच कामासाठी आहेत. परळला नाना पालकर स्मृती समिती आणि दादरला गाडगे महाराजांची धर्मशाळा आहे, त्यांच्याकडे जायला रुग्णालयाचे कागद लागतात. दीर नालासोपाऱ्याला आहेत हे खरं, पण पहाटेच्या विरार लोकलमध्ये ७१ वर्षांच्या माणसाला रोज उभं करणं किती दिवस जमेल, याचा विचार आधी करा.

घराला कर्जात घालतो तो बहुतेक वेळा हाच वरचा खर्च. उपचार योजनेत होतात, पण गाडीभाडं, दोन माणसांचं जेवण, आणि तुझे यजमान समुद्रावर न गेलेले दिवस कुठलीच योजना भरून देत नाही. म्हणून सवलती सोडू नका. कॅन्सरच्या रुग्णाला उपचारासाठी जाताना रेल्वेत स्लीपर आणि थ्री एसीचं तिकीट पूर्ण माफ असतं, सोबतच्या एकाला पाऊण सवलत. रुग्णालयाकडून ठरलेल्या नमुन्यातला दाखला घ्यायचा आणि खेडच्या खिडकीवर तिकीट काढायचं. एसटीत ६५ वर्षांपुढच्यांना अर्धं तिकीट आहे, बायकांनाही अर्धं, म्हणजे आबांबरोबर यजमानांऐवजी तू गेलीस तर तेवढंच वाचेल आणि होडीही बंद राहणार नाही. तारखा घेताना डॉक्टरांना सांगा की १ जूनपासून मासेमारीला बंदी असते. तातडी नाही असं ते म्हणाले तर पुढच्या तपासण्या त्या दोन महिन्यांत लावून घेता येतील. पण पहिलं ऑपरेशन बंदीसाठी थांबवू नका.

योजनेत न बसणारा खर्च निघालाच तर दोन दारं आहेत. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा गरिबांसाठी मोफत आणि १० टक्के सवलतीत ठेवाव्या लागतात. वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर मोफत, ३ लाख ६० हजारांपर्यंत सवलत. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो, तो रेशनकार्डाच्या खेपेतच मागून टाका. दुसरं दार मुख्यमंत्री सहाय्यता निधीचं. तो पैसा थेट रुग्णालयाच्या खात्यात जातो, म्हणून उपचार संपायच्या आधी खर्चाचं अंदाजपत्रक घेऊन अर्ज करावा लागतो. आणि एखादा एजंट म्हणाला की बायोप्सीच्या आधी पटकन मेडिक्लेम काढून टाका, तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. दाणा दीड वर्षापासून आहे हे लपवून घेतलेली पॉलिसी ऐनवेळी नाकारली जाते, भरलेला हप्ताही अंगावर पडतो.

हे वाचणाऱ्या बाकीच्या बायकांसाठी थोडं. टाटामधल्या डॉ. वसंत खानोलकरांनी १९४५ मध्ये लिहून ठेवलंय की धोतर वर्षानुवर्षं एकाच जागी घट्ट आवळल्यानं कमरेवरच्या कातडीत कॅन्सर झालेले रुग्ण त्यांनी पाहिले. नऊवारीच्या, परकराच्या नाडीखालीही तसंच होऊ शकतं. तिथली कातडी काळी, जाड झाली असेल आणि त्यात जखम होऊन ती भरत नसेल तर दाखवा. भाजल्याच्या जुन्या वणावर नवी जखम आली तरी दाखवा. आणि तळपायाचा, नखाखालचा काळा डाग म्हणजे शिंपला लागला असेल, कुरूप असेल, असं म्हणून मामासारखं बसून राहू नका.

आबांच्या जखमेवर तोवर काही लावायचं नाही, खपली काढायची नाही, दाढी करताना ती जागा सोडायची. उन्हात जाताना डोक्याला टॉवेल बांधतात तो नाकावर सावली पाडत नाही, मोठ्या काठाची टोपी द्या. त्यांना जेवायला बसवताना तू सोबत बस, आणि बायोप्सीला जाताना त्यांना खोटं सांगून नेऊ नकोस. समुद्रात एवढी वादळं काढलेला माणूस आहे, काय होणार ते आधी कळलं तर तो सोसतो.

रेशनकार्डाचं आज, दापोलीला फोन उद्या सकाळी. रिपोर्ट हातात आला की त्यातली निदानाची ओळ जशीच्या तशी उतरवून मला पाठव. अक्षर लागलं नाही तर लॅबवाल्यांकडून वाचून घे.